तुम्ही विचारलंत म्हणून: इटलीतल्या सिएनाच्या त्या भिंतीवर ठाणं आहे का?

नाही. म्हणजे तुम्हाला जसं हवंय तसं नाही. खाडी नाही, तलाव नाही, नारळाचं एक झाडसुद्धा नाही. सिएनाच्या सान फ्रान्चेस्को चर्चमधल्या भित्तिचित्रात ‘आपलं ठाणं’ आहे म्हणतात ते खरं का, हे मला ठाण्यात लग्नाला गेले की विचारतात, इथे इटलीत, प्रातोत, भर कामात फोन करून विचारतात, टस्कनीची टूर बुक केलेली मंडळी व्हॉट्सॅपवर विचारतात आणि खाली ‘लोकेशन पाठवा’ असं लिहितात. मी प्रत्येकाला दोन ओळींत काहीतरी सांगते आणि मग मलाच चुटपुट लागून राहते की हे काही उत्तर नव्हे. म्हणून आता एकदाच सगळं लिहिते, लांबलं तर लांबू दे.

मी चित्रकलेची अभ्यासक नाही. नौपाड्यात वाढले, कापडाचं शिकले, आणि आता प्रातोत कापडाच्याच धंद्यात आहे. चित्रातलं मला सगळं कळतं असं नाही, पण कापड कळतं, आणि या प्रकरणात कापड तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप महत्त्वाचं आहे.

गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगते. 1321 साली तोलेन्तिनोचा तोमासो, पादुआचा जाकोमो आणि सिएनाचा पिएत्रो हे तीन फ्रान्सिस्कन साधू, आणि सोबत तिफ्लिसचा देमेत्रियस, होर्मुझहून जहाजाने कोल्लमकडे निघाले होते आणि वाऱ्याने जहाज ठाण्याला आणून टाकलं. तिथल्या एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती घरात ते उतरले. त्या घरातलं नवराबायकोचं भांडण काझीपुढे गेलं, साक्षीला या लोकांना बोलावलं, पिएत्रो सामान सांभाळायला मागे राहिला. साक्ष बाजूला राहिली आणि धर्माचा वाद सुरू झाला, आणि एप्रिलमध्ये तिघांना मारलं, दोन दिवसांनी पिएत्रोलाही पकडून मारलं. त्यांच्या सोबतीने आलेला जॉर्डानस नावाचा डोमिनिकन साधू तेव्हा दुसरीकडे गेला होता, त्याने परत येऊन त्यांना सोपाऱ्याला पुरलं. हो, तेच नालासोपारा. नंतर ओदोरिको नावाचा आणखी एक फ्रान्सिस्कन साधू आला, त्याने ती हाडं उकरून काढली आणि जहाजातून थेट चीनपर्यंत नेली, वाटेत वारा पडला तेव्हा वारा मिळावा म्हणून त्यातलं एक हाड गुपचूप समुद्रात टाकायला लावलं, असं तो स्वतःच सांगतो. हा ओदोरिको ठाण्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, की इथले उंदीर कुत्र्यांएवढे मोठे असतात आणि मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, त्यांना कुत्रीच पकडतात. ज्याने ठाण्यात रात्री गटाराकाठी घूस पाहिलीये त्याला हा माणूस खरंच येऊन गेला होता याचा दुसरा पुरावा लागणार नाही. असो. ही सगळी हकीकत मिशनऱ्यांनीच लिहिलेली आहे हे मात्र लक्षात ठेवा.

आता चित्र. आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्ती या सिएनाच्या चित्रकाराने ते मठातल्या साधूंच्या सभागृहाच्या भिंतीवर काढलं, चौदाव्या शतकाच्या विशी-तिशीत कधीतरी. मग त्यावर चुना बसला, आणि 1857 मध्ये भिंतीवरून काढून ते चर्चच्या आत एका बाजूच्या चॅपेलमध्ये आणून लावलं. मध्ये उंचावर राजा बसलाय, वर टोकदार कमानींचा गॉथिक महाल, असला महाल ना ठाण्याला होता ना इराणातल्या तब्रीझला. खाली एका बाजूला साधू गुडघे टेकून बसलेत, दुसऱ्या बाजूला मुंडकी जमिनीवर पडलीत आणि मारेकरी तलवार म्यानात सरकवतोय. आणि सभोवती बघे. त्या बघ्यांमुळेच हे चित्र जगात गाजलं, कारण त्यातले काही सरळसरळ मंगोल आहेत. टोकदार टोपी, वर आलेली गालफडं, बारीक डोळे. कोणी ऐकून काढलेले ‘परदेशी’ नाहीत ते, माणूस समोर बसवून काढल्यासारखे चेहरे आहेत.

मग ही घटना ठाण्याचीच कशावरून? खात्रीने म्हणता येत नाही. काही अभ्यासक म्हणतात ठाणे 1321, काही म्हणतात मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउता 1227, काही मध्य आशियातल्या अल्मालिकचं, 1339 चं नाव घेतात, कारण तिथेही असेच फ्रान्सिस्कन साधू मारले गेले होते. ठाण्याच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट ही की मेलेल्यांपैकी एक त्याच गावचा होता. सिएनाच्या साधूंना सिएनाच्या पिएत्रोची गोष्ट भिंतीवर हवी होती यात अवघड काय आहे? मला ठाणंच वाटतं. पण मी ठाण्याची आहे, त्यामुळे माझ्या वाटण्याला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

आणि समजा ठाणंच असलं, तरी ठाण्यात 1321 साली मंगोल राज्य करत नव्हते. देवगिरी पडून दिल्लीची सत्ता कोकणात उतरली होती. मग ही टोप्यावाली माणसं आली कुठून? ती आली सिएनाच्या डोक्यातल्या पूर्वेतून, आणि त्या काळात सिएनासाठी पूर्व म्हणजे तातार, म्हणजेच मंगोल. हे काही नुसतं ऐकीव नव्हतं. इराणच्या मंगोल खानांचे दूत युरोपात येत होते, जेनोआ-व्हेनिसचे व्यापारी तब्रीझला ठाण मांडून होते, आणि 1305 मध्ये ओल्जैतू खानाने फ्रान्सच्या राजाला पत्र धाडलं तेव्हा दूत म्हणून गेलेल्यांत एक तोमासो ऊजी होता, सिएनाचा माणूस, खानाच्या दरबारात तलवार धरण्याचा मान असलेला. सिएनाचा एक पोरगा खानाची तलवार सांभाळतोय आणि दुसरा ठाण्यात तलवारीखाली मरतोय, मध्ये वीस वर्षांचंसुद्धा अंतर नाही! मला या दोघांना एकत्र ठेवल्याशिवाय ते चित्र बघताच येत नाही.

पण पूर्वेकडून सगळ्यात जास्त काय आलं असेल तर कापड. आणि इथे मला तुम्हाला दुसऱ्या चित्राकडे न्यायचंय, जे तुम्ही कधीच विचारत नाही.

सिएनाच्याच कॅथेड्रलमधल्या एका वेदीसाठी 1333 मध्ये सिमोने मार्तिनी आणि लिप्पो मेम्मी यांनी देवदूत गाब्रिएल मेरीला निरोप सांगतो तो प्रसंग काढला. आता ते फ्लोरेन्सला उफित्सी संग्रहालयात आहे. मेरी दचकून मागे सरकलीये, एका हाताने झग्याची कड गळ्याशी ओढून धरलीये, दुसऱ्या हातात पुस्तक, आणि अंगठा पानांत खुणेसाठी तसाच. देवदूताच्या तोंडातून निघालेली अक्षरं सोन्याच्या जमिनीवर उठावात आहेत, बाजूने उजेड पडला की ती खरंच हवेतून जाताना दिसतात. सोन्याची जमीन बायझँटाइन वळणाची, रेषेतला बाक फ्रान्सच्या गॉथिकचा, हे कोणत्याही पुस्तकात मिळेल.

मी गेले ते सरळ देवदूताच्या कपड्याशी. पांढऱ्यावर सोनेरी, अगदी बारीक पानांची बुट्टी, इतकी दाट की मोकळी जागा जवळजवळ नाही. आपण पैठणीच्या पदराला लांबून बघतो, मग जवळ जाऊन जर तपासतो, तसं हे जवळ जाऊन तपासायचं काम आहे. ही इटलीच्या मागावरची नक्षी नव्हे. असल्या कापडाला इटलीत तेव्हा ‘तातारी कापड’च म्हणत, 1295 च्या पोपच्या खजिन्याच्या यादीतसुद्धा ते याच नावाने आहे, आणि पेरूजाला बेनेडिक्ट अकरावा या पोपची म्हणून जपलेली वस्त्रं आहेत त्यात अशी बारीक पानं आजही बघता येतात. रेशमात घातलेली जर म्हणजे धातूची तार नव्हे, तर कातड्याच्या पातळ पापुद्र्यावर सोनं चढवून त्याच्या कापलेल्या पट्ट्या. इराण आणि मध्य आशियातल्या मागांवर हे विणलं जायचं, आणि विणणारे सगळे स्वखुशीने तिथे बसलेले नव्हते. हेरात पडल्यावर मंगोलांनी तिथले विणकर उचलून पार पूर्वेला, मध्य आशियातल्या बेशबालिकला नेऊन बसवले. चिनी नक्षी आणि इराणी नक्षी एका कापडात आली ती माणसं अशी उचलून हलवली म्हणून.

आणि सिमोनेने ते काढलं कसं तेही बघा. आधी फळीवर सोन्याचा वर्ख, तो घोटून चकचकीत केलेला. त्यावर पांढरा रंग पूर्ण फासलेला, म्हणजे सोनं झाकून टाकलं. मग रंग पुरता कडक व्हायच्या आत टोकदार काडीने पानापानाच्या आकारात तो रंग खरवडून काढला की खालचं सोनं वर येतं, आणि मग त्या उघड्या सोन्यावर बारीक ठिपके ठोकले की ते नुसतं पिवळं न राहता चमचमतं. म्हणजे त्याने कापडाचं चित्र काढलं असं मी म्हणत नाही, त्याने ते कापड रंगात जवळजवळ पुन्हा विणलं. ज्याने हे कापड हातात घेऊन उलटून पाहिलं नाही त्याला हे जमणार नाही. वर झग्याचं फडफडणारं अस्तर चौकडीचं, तेही बाहेरचंच.

तर माझं म्हणणं हे आहे. एकाच गावात, पाचदहा वर्षांच्या अंतरात, एका भिंतीवर तातार माणूस साधूंची मुंडकी उडताना उभा राहून बघतोय, आणि दुसरीकडे वेदीवर तातार कापड देवदूताच्या अंगावर आहे. माणूस परका, कापड पवित्र. ‘परदेशी प्रभाव’ असं पुस्तकात दोन शब्दांत येतं ना, त्याच्या आत हे आहे. आणि तुम्ही मला विचारता, ठाणं कुठे आहे.

हे मी एकदा ठाण्यातच बोलले होते. डिसेंबरात सुट्टीवर आले होते, ओळखीच्यांनी एका वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला, स्लाइड्स लावल्या, हॉल भरला. मी जीव तोडून बोलले. टोप्या दाखवल्या, कॉलर दाखवली, तलवारीची मूठ, मग देवदूताच्या बाहीचा क्लोजअप. लोकांनी मन लावून ऐकलं, निदान मला तसं वाटलं. मग प्रश्न सुरू झाले. पुढच्या रांगेतले एक काका उठले आणि म्हणाले, “म्हणजे ताई, इटलीत जाऊन आपल्यालाच खुनी दाखवलंय का?” मी उत्तर द्यायच्या आत मागून कोणीतरी ओरडलं, “आपण कसले, तेव्हा राज्य सुलतानाचं होतं.” मग तिसरा उठला आणि तो 1321 वरून सरळ आजच्या बातम्यांवर आला. मी माईकवर सांगत होते की त्या चित्रात ठाणेकर कोणीच नाहीये, ना हिंदू ना मुसलमान, चित्रकाराने ठाणं पाहिलेलंच नाही, त्याने तातार काढलेत. पण ऐकायचं कोणाला होतं? ज्याला त्याला त्या भिंतीवर आपल्या सोयीचा मारेकरी हवा होता. शेवटी आयोजकांनी दिवे लावले आणि चहा घ्या म्हणाले, काही लोक चहा न घेताच निघून गेले.

तो भाग मी विसरले असते. विसरता आला नाही तो पुढचा. माझी वसईची मैत्रीण आली होती, आईला घेऊन, त्या दोघी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. गर्दी पांगल्यावर मावशी पुढे आल्या, लाल लुगडं, हातात पर्स घट्ट धरलेली, आणि मला म्हणाल्या, “बाय, त्या पिएत्रोचं तोंड दिसतं का गं त्यात?”

मी म्हटलं, दाखवते. लॅपटॉप उघडला. आणि एकेक स्लाइड पुढे सरकवत गेले. टोपी. बाही. तलवार. राजाचं आसन. परत टोपी. साधू फक्त पहिल्या पूर्ण चित्रात होते, तेही इतके लहान की मावशींनी चष्मा वर-खाली करून पाहिलं तरी काही कळेना. मोठं करायला गेले तर फोटो फुटला. मावशी काही बोलल्या नाहीत, “राहू दे, राहू दे” म्हणाल्या. मैत्रीण मात्र बोलली. “अगं, एवढा वेळ बोललीस. मेले कोण ते एकाही स्लाइडवर नाहीये. तुला कपडेच दिसले का?”

मी तिथल्या तिथे चिडले. म्हटलं, साध्या तपकिरी झग्यात दाखवण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, “दाखवण्यासारखं नसतं म्हणून तर ते तसले कपडे घालतात.”

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पण आता आहे, आणि ते मी मांडणार. आम्ब्रोज्योने त्या साधूंना ओळखता येतील असे चेहरे दिले असतील, पण त्याचा हात जिथे थरारतो ती जागा समोरच्या माणसांची आहे. त्याने मारणारे सगळे एकसारखे राक्षस केले असते तर सिएनात कोणी काही म्हटलं नसतं. त्याने तसं केलं नाही. बघ्यांत कोणी आनंदाने बघत नाहीये, एकेकाच्या चेहऱ्यावर वेगवेगळं काहीतरी चाललंय, आणि ज्याने तलवार चालवली तो काम संपल्यावर तलवार म्यानात घालतोय, त्याचं सगळं लक्ष म्यानाच्या तोंडाकडे आहे. मला ही दयेची नजर वाटते. परक्या माणसाचं तोंड इतकं नीट बघणं हीसुद्धा भक्तीच आहे असं मी म्हणते. आणि सिमोनेच्या बाबतीत तर वादच नको, हजारो पानं एकेक करून खरवडायची, ती काय नुसती नक्षी म्हणून?

हे मी मैत्रिणीला फोनवर सांगितलं. ती ऐकून घेते, तिचा तो गुण आहे. मग म्हणाली, “कापड देवदूताला नेसवलं म्हणून कापड पवित्र झालं. विणणारे मात्र त्यांच्या लेखी मारेकरीच राहिले ना?” मी तिला हेरातचे विणकर सांगितले, की ते स्वतःच पळवून नेलेले होते. तर म्हणते, “मग तर आणखी वाईट.” आता याला काय म्हणायचं.

पूर्वी, म्हणजे इथे नवीन आले तेव्हा, मी स्वतःच सगळ्यांना सांगायचे की सिएनात ठाणं आहे, चला दाखवते. त्या मुलीशी माझं आता पटत नाही, पण तिला मी खोटारडीही म्हणणार नाही. परक्या मुलखात एकटं असताना चर्चच्या एका थंड कोपऱ्यात गावाचं नाव ऐकू आलं तर माणूस ते घट्ट धरणारच. तिला ठाणं हवं होतं, मला आता तातार हवेत, मावशींना पिएत्रो हवाय. काकांना काय हवं होतं ते मला अजून नीटसं कळलेलं नाही, आणि त्यांच्यावरचा माझा रागही गेलेला नाही, कारण ज्या चित्रकाराने परका माणूस इतक्या बारकाईने पाहिला त्याच्या चित्रावरून शेजाऱ्याकडे बोट दाखवणं मला सहन होत नाही.

तर आता टूरवाल्यांसाठी. लोकेशन पाठवते, त्यात काही नाही. सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये शिरलात की समोर चालत जा, डाव्या अंगाच्या चॅपेलमध्ये बघा. रंग बरेच गेलेत, प्लास्टरचे तुकडे पडलेत, मोबाइलवर फोटो चांगला येत नाही. तिथे ‘ठाणे’ लिहिलेली पाटी शोधू नका. जमलं तर त्याच दौऱ्यात उफित्सीत जाऊन देवदूताची बाही जवळून बघा, आणि दोन्ही एकत्र लक्षात ठेवा, एकच बघून मला मेसेज करू नका. आणि कृपा करून ‘इटलीत सापडलं आपलं ठाणं’ असल्या फॉरवर्डखाली माझं नाव टाकू नका.

मैत्रीण वसंतात येतेय, मावशींना घेऊन. मी म्हणते आधी फ्लोरेन्स करू, कापड नीट समजावून सांगते, मग सिएनाला गेलो की भिंत वाचता येईल. ती म्हणते, आई मेणबत्ती लावायला येतेय, कापड बघायला नाही, आधी सिएना. तिकिटं अजून काढलेली नाहीत.